खडकातल्या कणाची साक्ष

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. खडक, परागकण, जमिनीखालचे थर यांचा आपल्या मुलांशी काय संबंध, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु आपल्या समाजातील कितीतरी घरांतून वडील, चुलते किंवा मोठे भाऊ आखाती देशांत कामाला गेले, आणि तिकडून आलेल्या पैशांवर इकडे घरे उभी राहिली, मुलींची लग्ने झाली, मुले शिकली. तो पैसा ज्या तेलाच्या जोरावर मिळाला ते तेल जमिनीखाली नेमके कोठे आहे हे कोणी आणि कशावरून ओळखले, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. आज मी त्या प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर देणार आहे. ते उत्तर एका अगदी बारीक कणात दडलेले आहे.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. भूवैज्ञानिकही तेच करतो. फरक एवढाच, की त्याचे शीत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे असते, आणि हंडी जमिनीखाली दोन-तीन हजार मीटर खोल असते.

प्रथम हा कण येतो कोठून ते पाहू. झाडे फुलतात तेव्हा असंख्य परागकण हवेत उडतात. नेचे आणि शेवाळी यांसारख्या बिनफुलांच्या वनस्पती बीजाणू सोडतात. हे सारे वाऱ्याने आणि पाण्याने वाहून जाऊन तळ्यात, खाडीत, समुद्रात पडते. त्यांच्याबरोबर पानांचे तुकडे, लाकडाचे कण, राळ आणि पाण्यातील सूक्ष्म जीवही गाळात बसतात. गाळावर गाळ साचतो, खालचा गाळ दाबला जाऊन त्याचा खडक होतो, आणि हे सेंद्रिय द्रव्य त्या खडकात अडकून राहते. यातील बराचसा भाग कुजून जातो. पण परागकणाचे व बीजाणूचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचे असते, आणि ते इतके चिवट असते की हवा लागली नाही तर कोट्यवधी वर्षे टिकते. गाळाच्या खडकात उरलेल्या आणि कोणत्याही नेहमीच्या द्रावकात न विरघळणाऱ्या या सेंद्रिय द्रव्याला शास्त्रात केरोजेन म्हणतात. पुरेशी उष्णता मिळाली की याच केरोजेनपासून खनिज तेल आणि वायू तयार होतात.

तेल सजीवांपासून झाले ही गोष्ट काही नुसती कल्पना नव्हे. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३४ च्या सुमारास खनिज तेलात पॉर्फिरिन नावाची संयुगे दाखवून दिली. पानांना हिरवा रंग देणारे हरितद्रव्य याच कुळातील. म्हणजे आपल्या मोटारीत जळणाऱ्या तेलात एके काळच्या हिरवळीच्या खुणा अजून शिल्लक आहेत.

आता हा कण हाती कसा लागतो? तेलाची विहीर खणताना पोलादी नळाच्या टोकाशी असलेला दातेरी छिन्नीसारखा गिरमिट खडक फोडत खाली जातो. नळातून एक खास प्रकारचा पातळ चिखल सतत खाली सोडतात. तो चिखल नळाच्या बाहेरच्या बाजूने वर येताना फुटलेल्या खडकाचा चुरा घेऊन येतो. ठरावीक मीटरांवर तो चुरा गाळून, धुऊन, पिशवीत भरून त्यावर खोली लिहितात. प्रयोगशाळेत त्यातील काही ग्रॅम घेऊन आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात. त्यात चुनखडी विरघळते. मग हायड्रोफ्लुओरिक आम्लात टाकतात; त्यात वाळू आणि माती विरघळते. हे दुसरे आम्ल काचसुद्धा खाते. म्हणून ते प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवतात आणि धूर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटातच वापरतात. खडक असा संपूर्ण विरघळून गेल्यावर खाली काळपट साका उरतो. खडक गेला तरी कण मात्र राहिला. तो बारीक चाळणीतून धुऊन काचपट्टीवर बसवला, की सूक्ष्मदर्शकाचे काम सुरू होते.

या कणाला तीन प्रश्न विचारायचे असतात. तू केव्हाचा? तू कोठला? आणि तुला किती आच लागली?

पहिला प्रश्न वयाचा. वनस्पतींच्या जाती काळाच्या ओघात निर्माण झाल्या आणि नाहीशा झाल्या. प्रत्येकीच्या परागकणाची घडण वेगळी असते. कोणाला पंख, कोणाला काटे, कोणाला तीन खाचा. आपल्या विदर्भातील वर्धा खोऱ्याचा दगडी कोळसा पर्मियन काळातील, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहूनही जुना. त्यात दोन पंखांचे परागकण विपुल सापडतात. ते ग्लॉसोप्टेरिस आणि तिच्या सोबतच्या वनस्पतींचे. त्यात फुलझाडांचा परागकण मात्र सापडणार नाही, कारण फुलझाडांचे परागकण पृथ्वीवर दिसू लागले ते अंदाजे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी. एका विहिरीतला करडा शेल आणि वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या विहिरीतला करडा शेल डोळ्यांना अगदी सारखे दिसतील. ते एकाच काळातील आहेत की दोघांत एक कोटी वर्षांचे अंतर आहे, हे त्यांतले कण सांगतात. अशा रीतीने विहिरीमागून विहीर जोडत गेले, की जमिनीखालच्या थरांचा नकाशा तयार होतो. या विद्येला स्तरविज्ञान म्हणतात, आणि परागकणांच्या शास्त्राला परागविज्ञान.

यात एक गंमत आहे, ती विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. विहीर खणत असताना वरच्या थरांतील ढिले तुकडे सुटून खालच्या चुऱ्यात मिसळतात. तेव्हा खालच्या पिशवीत नवा कण सापडला, तर तो तेथलाच असेल अशी खात्री देता येत नाही. पण खालचा कण आपोआप वर जाऊ शकत नाही. म्हणून वरून खाली उतरताना एखादी जात प्रथम कोणत्या खोलीवर दिसली, याला महत्त्व देतात. ती जात पृथ्वीवरून केव्हा नाहीशी झाली, त्याची ती खूण असते. विहिरीत जे प्रथम भेटते ते इतिहासात शेवटचे असते, हे एकदा लक्षात आले म्हणजे पुष्कळ घोटाळे टळतात.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा. साक्यात लाकडाचे मोठे तुकडे व पानांच्या त्वचा भरपूर असतील तर जमीन जवळ होती. डायनोफ्लॅजेलेट नावाच्या, बहुतेक समुद्रात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे असतील तर त्या जागी समुद्राचे पाणी पोहोचले होते. दोन्ही मिसळलेली असतील तर खाडी किंवा नदीमुख. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीचे उदाहरण घ्या. तेथील थर सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांत नीपा नावाच्या ताडासारख्या झाडाच्या कुळातील काटेरी परागकण सापडतात. नीपा आज सुंदरबनात, अंदमानात आणि आग्नेय आशियातील खाड्यांच्या चिखलात वाढते. यावरून त्या काळी गुजरातच्या किनाऱ्यावर उष्ण, दमट, भरती-ओहोटीच्या दलदली होत्या असा निष्कर्ष निघतो. त्याच खाणीत राळेचे खडे मिळाले, आणि त्यांत अडकलेले सातशेहून अधिक कीटक व तत्सम प्राणी २०१० साली भारतीय, जर्मन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी जगासमोर मांडले.

तिसरा प्रश्न आचेचा, आणि तेलाच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. साधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस ते तीस अंश. आपल्या कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत, त्या पाण्याला ही खोलवरचीच उष्णता मिळालेली असते. ही उष्णता परागकणावर रंगाने उमटते. येथे बसलेल्या भगिनींना हे मी काय सांगावे! बिर्याणीसाठी कांदा तळताना तो आधी फिका असतो, मग सोनेरी होतो, मग तांबूस, मग तपकिरी, आणि लक्ष चुकले की काळा. परागकणाचेही तसेच. फिका पिवळा म्हणजे खडक अजून कच्चा, तेल झालेले नाही. नारिंगी ते तपकिरी म्हणजे तेल तयार होण्याजोगी आच लागली. गडद तपकिरी ते काळा म्हणजे तेलाची वेळ टळली, मिळाला तर वायू. आणि करपलेला कांदा जसा पुन्हा पांढरा होत नाही, तसा कणाचा रंगही मागे फिरत नाही. पुढे तो थर वर उचलला जाऊन थंड झाला, तरी एके काळी त्याने किती आच सोसली ते कण सांगतोच.

रंगाचा अंदाज माणसागणिक थोडा बदलतो. म्हणून त्याच्या जोडीला मोजमापही करतात. लाकडापासून झालेल्या व्हिट्रिनाइट या घटकाला चकाकी आणून त्यावर प्रकाश टाकतात आणि त्यातला किती परत येतो ते मोजतात. तो शेकडा ०.६ ते १.३ च्या दरम्यान असेल, तर थर तेल देण्याच्या अवस्थेत आहे असे ढोबळमानाने समजतात. शिवाय द्रव्य कोणत्या जातीचे हेही पाहावे लागते. समुद्रातील शैवालांचा गाळ तेलाला उत्तम. नुसते लाकूड असेल तर मुख्यतः वायू. सौदी अरेबियातील घवार हे जगातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र १९४८ साली सापडले; तेथील तेल ज्युरासिक काळातील समुद्राच्या तळाशी साचलेल्या शैवालयुक्त चुनखडी गाळापासून झाले. तेथे कमाई करून आलेल्या आपल्या माणसांच्या पायांखाली हीच कहाणी होती.

आता घराजवळ येऊ. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर खोल पाण्याखाली मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. भारत-सोव्हिएत सहकार्याने १९६० नंतरच्या दशकात झालेल्या समुद्रातील सर्वेक्षणात तेथे एक मोठा उंचवटा असल्याचे दिसले. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकाम-मंचावरून खणलेल्या विहिरीत तेल लागले, आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या तेलसंकटाने देशाची झोप उडवली होती, हे ज्येष्ठांना आठवत असेल. त्या काळात या शोधाचे महत्त्व किती असेल याची कल्पना करा.

मुंबई हायचे बहुतेक तेल मायोसीन काळातील चुनखडकात साठलेले आहे. पण ते त्या चुनखडकात जन्मलेले नाही. चुनखडक हे त्याचे गोदाम, कारखाना दुसरीकडे. उंचवट्याच्या तळाशी दख्खनचा काळा कातळ आणि त्याहून जुने खडक आहेत. कातळाच्या वर, उंचवट्याच्या भोवतालच्या खोलगट भागांत, पॅलिओसीन व इओसीनच्या आरंभीच्या काळातील शेल आणि कोळशाचे थर साचले; त्यांना पन्ना संघ म्हणतात. खोलगट भागांत हे थर जाड आहेत, उंचवट्याच्या माथ्याकडे ते पातळ होत जाऊन नाहीसे होतात. या थरांतील सेंद्रिय द्रव्यात किनाऱ्यावरील वनस्पतींचा मोठा वाटा आहे, आणि जेथे ते पुरेसे खोल गाडले गेले तेथे त्याला तेल देण्याइतकी आच लागली. तेथे तयार झालेले तेल खडकांच्या छिद्रांतून आणि भेगांतून सरकत सरकत उंचवट्याकडे आले आणि चुनखडकात साठले. उंचवट्याचा आकार यंत्राने दिसतो. परंतु तेल कोठे शिजले आणि कोणत्या दिशेने सरकले असेल, हे सांगायला सेंद्रिय द्रव्याचीच साक्ष लागते. समुद्रातील एका विहिरीला कोट्यवधी रुपये लागतात. ती कोरडी गेली तर तो पैसा पाण्यात. तेव्हा काचपट्टीवरच्या कणाने 'येथे थर कच्चा आहे' एवढे जरी सांगितले, तरी त्याची किंमत केवढी होते पाहा.

पण मित्रांनो, साक्ष मिळाली म्हणजे न्याय झाला असे नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी लागते. याचे एक मोठे उदाहरण आपल्याच उपखंडात आहे.

आपल्या घरात सैंधव मीठ असते. ते पूर्वी मुख्यतः येत असे पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतून. खेवड्याची प्रसिद्ध खाण तेथलीच, आता ती पाकिस्तानात आहे. हे मीठ किती जुने, यावर एके काळी मोठा वाद झाला. मिठाच्या वरचे थर कँब्रियन काळातील, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून जुने आहेत. मीठ त्यांच्या खाली आहे. तेव्हा ते त्यांच्याहूनही जुने, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसऱ्या पक्षात प्रा. बीरबल साहनी होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९३६ साली ज्यांना सदस्यत्व दिले ते थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना त्या मिठाच्या थरांतून उच्च वनस्पतींच्या लाकडाचे सूक्ष्म तुकडे आणि कीटकांचे अवशेष मिळाले. कँब्रियन काळात जमिनीवर झाडेच नव्हती. म्हणून मीठ इओसीन काळातील, म्हणजे फार तर साडेपाच कोटी वर्षांचे असावे, आणि जुने थर भूकवचाच्या हालचालींनी त्यावर सरकून आले असावेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९४४ ते १९४६ च्या दरम्यान यावर परिसंवाद झाले.

शेवटी काय ठरले? थरांची एकंदर मांडणी आणि नंतरचा अभ्यास यांवरून मीठ जुनेच ठरले. आज ते सुमारे चोपन्न कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. ते सूक्ष्म तुकडे त्या मिठाचे समकालीन नव्हते, मागाहून त्यात शिरलेले होते, असेच मानावे लागते. मीठ पाण्यात विरघळते आणि पुन्हा घट्ट होते. त्यात बाहेरचा कण अडकणे अवघड नाही.

हे सांगताना साहनींचा मान तिळमात्र कमी होत नाही. त्यांनी आपला पुरावा उघडपणे मांडला, विरोधकांना बोलावून चर्चा घडवली, आणि त्या वादातूनच सूक्ष्म अवशेषांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. १९४६ साली त्यांनी लखनौ येथे पुरावनस्पतिशास्त्राची संस्था स्थापन केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची कोनशिला बसली, आणि अवघ्या सात दिवसांनी साहनी निवर्तले. त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी संस्थेची धुरा खांद्यावर घेतली आणि ती उभी केली. आज ती बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थान या नावाने ओळखली जाते. शिक्षणसंस्था चालवणे किती कष्टाचे असते, हे या व्यासपीठावरील मंडळींना वेगळे सांगायला नको.

या शास्त्राचा खरा धडा मला येथे दिसतो. कण खोटे बोलत नाही, पण तो कोठून आला हे तपासल्याशिवाय त्याचे बोलणे मानू नये. वरून पडलेला कण असतो. जुन्या खडकातून झिजून नव्या गाळात आलेला कणही असतो. त्याचा रंग शेजाऱ्यांपेक्षा गडद असेल तर संशय घ्यावा. म्हणून जाणकार एका कणावर निकाल देत नाही. तो शेकडो कण मोजतो, थरांचा क्रम पाहतो, दुसऱ्या विहिरीशी ताडून पाहतो, आणि मग बोलतो. विद्यार्थ्यांनो, ऐकीव गोष्ट, वर्तमानपत्रातली बातमी, हल्ली मोबाईलवर फिरणारा मजकूर, या सर्वांना हीच कसोटी लावता येते. हा कण येथलाच आहे की वरून पडला आहे, एवढे स्वतःला विचारण्याची सवय लागली तरी पुष्कळ झाले.

पालकांना दोन गोष्टी सांगतो. मूल हुशार निघाले की डॉक्टर किंवा इंजिनियर, आणि नाही निघाले की आखात, अशा दोनच वाटा आपण धरून ठेवल्या आहेत. मध्ये पुष्कळ वाटा आहेत. बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला भूविज्ञान घेऊन बी.एस्सी. करता येते, पुढे एम.एस्सी. करता येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांतील भूवैज्ञानिकांच्या जागांसाठी संघ लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. सूक्ष्मदर्शकापुढे बसून करावयाच्या या कामाला बळकट दंडाची गरज नाही. लागते ती तीक्ष्ण नजर, चिकाटी आणि सबुरी. मुलींना दूरच्या कॉलेजात कसे पाठवावे, ही काळजी मी समजू शकतो. परंतु ज्या मुलीला तांदळातला खडा एका दृष्टिक्षेपात दिसतो, तिला काचपट्टीवरचा कणही दिसेल. तिला संधी देणे आपल्या हातात आहे.

आपली माणसे तेलाच्या देशांत गेली, त्यांनी नळ जोडले, वाहने चालवली, हिशेब लिहिले. त्या श्रमांचा मला अभिमान आहे. पुढच्या पिढीतून एखादा किंवा एखादी तेथे, किंवा त्याहून चांगले म्हणजे येथेच, तेल कोठे आहे हे सांगणाऱ्यांच्या रांगेत बसावी, एवढीच माझी इच्छा आहे.